दोन, आठ, अठरा, बत्तीस

खंडू, तू बरोबर होतास.

हे एवढंसं वाक्य परवा तुझ्या शाळेत, तुझ्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून म्हणायचं होतं. राजूरच्या त्या पटांगणात शे-दीडशे माणसं सतरंज्यांवर बसली होती. तुझ्या हाताखालून गेलेली पोरं आपापल्या पोरांना घेऊन आली होती. मुख्याध्यापकांनी माझी ओळख करून दिली, "खंडेराव सरांचे जिवलग मित्र, विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, ज्यांच्या स्वतःच्या नावाचं प्रमेय आहे." प्रमेय म्हटल्यावर काही जणांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, हे त्यांना वाजवून झाल्यावर आठवलं.

मी माइकसमोर गेलो आणि दहा मिनिटं तुझे किस्से सांगितले. मेसच्या पातळ वरणाला तू 'सीमा शून्याकडे जाते' म्हणायचास तो सांगितला, सायकलचा सांगितला. लोक हसले, मग त्यांनी डोळे पुसले. माझं भाषण फार आवडलं म्हणे. आणि ज्या एका गोष्टीसाठी मी तिथं तोंड उघडायला हवं होतं, ती गिळून मी खाली येऊन बसलो. ते प्रमेय खोटं आहे. तुला ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तू गेल्यावर ते फक्त माझ्यापाशी उरलं, अशा समजुतीत मी चहा घेतला.

लाज वाटायला कुठून सुरुवात करावी याचाच गोंधळ आहे. जालन्यापासून करतो.

बी.एस्सी.ला आपण एका खोलीत राहायचो. आमचं घर पिंपळगाव रेणुकाईचं, दोन विहिरींची जमीन असलेलं. तुझे वडील मेंढरं घेऊन आठ महिने रानोमाळ. खोलीत माझी गादी होती आणि तुझी घोंगडी होती, आणि थंडीत मी निर्लज्जपणे तुझी घोंगडी ओढून घ्यायचो. तू मला 'पाटील' म्हणायचास. आम्ही पाटील नाही, हे मी तीन वर्षं तुला समजावून सांगितलं. तू म्हणायचास, "नसलास तरी वागून राह्यलास ना गड्या."

दुसऱ्या वर्षाला गणिताच्या सरांनी वलय शिकवलं. वलय म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार करायला पूर्ण मोकळीक असलेला आकड्यांचा संच; भागाकाराची मात्र तिथं हमी नाही. सगळा वर्ग माना डोलावत होता आणि कुणाला काही कळलं नव्हतं. तू उठून म्हणालास, "बराबर हाय सर. आमच्यात बी असंच हाय. दोन मेंढरं असतेत, अर्धं मेंढरू नसतंय." वर्ग हसला. सर हसले नाहीत, त्यांनी तुझं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. सगळ्यात जास्त मी हसलो होतो, आणि परीक्षेत ते उदाहरणही मीच लिहिलं.

एम.एस्सी. झाल्यावर मी विद्यापीठात चिकटलो. तू नोकरीची वाट बघत अंकुशनगरला साखर कारखान्याच्या केनयार्डात, ऊसगाड्यांच्या तळावर, हंगामी कामाला लागलास. तुला भेटायला मी आलो होतो तो दिवस मला फार नीट आठवतो. उसाच्या बैलगाड्या रांगेनं उभ्या, बैल सोडलेले, पाचटाचा आणि शेणाचा वास, आणि तू एका खोक्यावर बसून तोडचिठ्ठ्या लिहीत होतास. यार्डात किती गाड्या उभ्या आहेत ते बघायचं आणि त्यावरून उद्या कुठल्या गटाला किती गाड्यांची तोड द्यायची ते ठरवायचं, हे तुझं काम. गाड्या जास्त आल्या तर ऊस उन्हात वाळायचा, कमी आल्या तर ऊस आत ओढणारी गव्हाण रिकामी फिरायची. मी नुकतंच पुस्तकात वाचून आलो होतो. मोठ्या ऐटीत म्हणालो, "खंडू, तू करतोस याला फीडबॅक म्हणतात. स्थिती बघायची, तिच्यावरून हुकूम द्यायचा, पुन्हा बघायचं, पुन्हा हुकूम बदलायचा. यावर जगात केवढं गणित झालंय."

"आकडे कसले घेतेत त्यात?"

"कसलेही. दशांश, अपूर्णांक, काहीही."

"मंग ते माझ्या बिलकुल कामाचं न्हाई. मी काय साडेतीन गाड्या बोलावू का? पूर्ण आकड्यात चालतंय का हे, ते सांग."

परतीच्या एस.टी.त मी त्याच प्रश्नावर बसलो आणि पुढची पाच वर्षं उठलो नाही. माझा अख्खा प्रबंध तुझ्या त्या खोक्यावरून निघाला. ऋणनिर्देशात मी मार्गदर्शकांचे, ग्रंथपालांचे, आई-वडिलांचे आणि टंकलेखकाचे आभार मानले. तुला 'आणि मित्रमंडळी' यात घातलं.

आता चूक सांगतो. तुला सांगायची गरज नाही, पण हे तुझ्याबरोबर इतरांनीही वाचावं म्हणून लिहितो आहे. एखाद्या यंत्राला पुष्कळ कळा असतात, तुझ्या यार्डात जसे गट होते तशा. आधी फीडबॅकनं यंत्र नीट जुळवून घेतलं, तर मग सगळं एकाच कळीवर चालवता येतं का? अपूर्णांक चालत असतील तर येतं, हे जुनं आणि पक्कं आहे. पूर्ण आकड्यांत येतं का, हा प्रश्न होता. मी 'येतं' असं सिद्ध केलं. त्या सिद्धतेत एका ठिकाणी एक संख्या आली, ती शून्य नव्हती, म्हणून मी तिनं भागलं. आपल्याला शाळेपासून एकच बजावलेलं असतं की शून्यानं भागू नको. त्यामुळे शून्य नाही म्हटल्यावर गणिताचा माणूस डोळे मिटून भागतो. पण मी वलयात होतो. तिथं तिनं भागायचा मला काही अधिकार नव्हता. मार्गदर्शकांनी वाचलं, परीक्षकांनी वाचलं, सगळे माझ्याबरोबर सुखानं भागून पुढे गेले. तुला मी टंकलेली प्रत दिली होती ती केवळ मिरवायला. तू तेव्हा राजूरच्या शाळेत लागला होतास, आठवी-नववीला शिकवत होतास. तू ती वाचशील असं मला वाटलंच नव्हतं.

तुझं उत्तर पोस्टकार्डावर आलं. विभागाच्या कारकुनानं ते मला देताना म्हटलं, "तुमच्या मित्रानं पाढे पाठवलेत, सर." दोन छोटे चौकोन होते. एकात एक, शून्य, शून्य, पाच. दुसऱ्यात शून्य, शून्य, दोन, शून्य. खाली तुझ्या त्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं, 'ह्या यंत्राला दोन कळा आहेत. तुझ्या रीतीनं एका कळीवर आणायचं तर कुठल्यातरी वर्गसंख्येची दुप्पट पाचाच्या पाढ्याला चिकटून यावी लागते, एकानं पुढं नाहीतर एकानं मागं. म्हणजे शेवटी १, ४, ६ किंवा ९ पाहिजे. दुपटीच्या शेवटी ०, २ आणि ८ सोडून काहीच येत न्हाई. करून बघ. भागाकाराची जागा बघ. जल्दी ये, बोलू.'

मी करून बघितलं. दोन, आठ, अठरा, बत्तीस, पन्नास, बहात्तर, अठ्ठ्याण्णव. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही, खंडू. त्या दुपारीच मला सगळं कळलं होतं. पाच वर्षांचं काम आठवीच्या पोराला समजेल अशा हिशेबानं आडवं झालं होतं. परीक्षकांचे अहवाल आलेले होते, तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर होती, विभागातली जागा त्या पदवीवर अडून होती आणि आमच्या वडिलांनी पिंपळगावात देवळासमोर बसून पोरगा डॉक्टर होणार म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं. ही कारणं आहेत, आणि एकही पुरेसं नाही. मी ते कार्ड फाडलं. अर्धं विभागाच्या टोपलीत टाकलं आणि अर्धं बसस्टँडवर जाऊन. वर्गमूळ काढणाऱ्या पोलिसांची मला भीती वाटत असावी.

आणि चार दिवसांनी मी तुला पत्र लिहिलं. 'शाळेतलं गणित वेगळं आणि हे वेगळं. या विषयात पोस्टकार्डावर निकाल लागत नसतात. प्रत्येकानं आपापल्या पायरीनं राहावं हे बरं.'

पायरी हा शब्द मी शोधून वापरला होता. त्या शब्दात तुझ्या वडिलांची मेंढरं होती, तुझी घोंगडी होती, आमच्या दोन विहिरी होत्या. लिहिताना मला ते माहीत होतं आणि वाचताना तुला कळणार हेही माहीत होतं. तुझ्या गणिताला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी तुझ्या घराला दिलं.

तू उलट लिहिलं नाहीस. तू आलास. माझ्या तोंडी परीक्षेला पांढरा सदरा घालून शेवटच्या बाकावर येऊन बसलास. मी बोलत होतो, फळ्यावर लिहीत होतो, आणि त्या भागाकाराच्या ओळीपाशी आल्यावर माझा खडू मोडला. बाहेरून आलेले परीक्षक शेवटी म्हणाले, "सभागृहात कुणाला काही विचारायचं आहे?" मी तुझ्याकडे बघितलं. तू तुझ्या वहाणांकडे बघत होतास. तेवढा लांब क्षण मी कधी जगलो नाही. मग सगळे उठले. तू पुढं येऊन माझ्या हातात पेढा ठेवलास आणि म्हणालास, "झाला बाबा डाक्टर."

मला सुटल्यासारखं वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ तुझा राग आला, हे तुला आज सांगतो. मला वाचवताना तू माझी भीती बघितली होतीस, म्हणून राग आला. कित्येक वर्षं मी त्या रागाला 'खंडू आता बदलला' असं नाव देऊन फिरत होतो. तू कुठं बदलला होतास? चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला राजूरला आलो की तू गर्दीतून मला ओढून घरी न्यायचास, वहिनी पिठलं-भाकरी वाढायच्या, तू माझ्या पोरांची चौकशी करायचास. ती गोष्ट तू कधी काढली नाहीस. मी नाकानं कांदे सोलत विद्यापीठातलं राजकारण सांगायचो आणि तू कौतुकानं ऐकायचास. मला वाटायचं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ माझी होती, पण झाकून तू धरली होतीस.

फक्त एकदा आपण त्या वाटेनं गेलो. तुझ्या ओट्यावर बसलो होतो. तू दहावीचे पेपर तपासत होतास आणि एका पोरानं भलताच नियम वापरून बरोबर उत्तर आणलं होतं. तू त्याचे गुण कापलेस. मी म्हटलं, "उत्तर आलंय की. दे की दोन गुण."

"चुकीचं उत्तर एकट्याचं असतंय. चुकीचा नियम समद्यांचा होतो. उद्या त्याच्यावर कोणतरी माडी बांधतंय."

"एवढं वाचतंय कोण खंडू?"

तू पेनचं टोपण लावलंस. "एक जण वाचतोच की. एक बी लई झाला."

मी वहिनींना पाणी मागितलं आणि विषय बदलला. तो वाद तिथंच राहिला. मला वाटायचं, कधीतरी निवांत बसू तेव्हा बोलू. निवांत असं काही येत नसतं, हे आता कळतं आहे.

तो एक जण पुढं आलाच, आणि तूच तिला पाठवलंस. अर्चना तुझी दहावीतली विद्यार्थिनी, राजूरचीच. एम.एस्सी. करून भोकरदनला शिकवायला लागली आणि तू चिठ्ठी देऊन तिला माझ्याकडे पीएच.डी.ला धाडलंस. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'पोरगी माझ्यापेक्षा हुशार आहे, म्हणजे तुझ्यापेक्षाही.' अशी मुलगी समोर बसलेली असताना मी तिला काय विषय द्यावा? माझंच प्रमेय पुढं न्यायचा. इतकी वर्षं लोकांनी ते खरं मानलं, की वर्गात शिकवून शिकवून मलाही ते कधी कधी खरं वाटायला लागलं होतं. आणि खरं सांगू? दुसरा विषय दिला असता तर तिनं कारण विचारलं असतं. कारण सांगावं लागलं असतं. म्हणून मी तिला त्या फुटक्या पायावर चार वर्षं माडी बांधू दिली.

यंदा उन्हाळ्यात तू डोळे तपासायला म्हणून शहरात आलास आणि माझ्याकडे जेवलास. आपली शेवटची भेट. तू विचारलंस, "अर्चीचं कुठवर आलं?"

"तिसरं प्रकरण झालं. माझं प्रमेय वापरतेय त्यात."

तुझ्या हातातला घास हातातच राहिला. तू माझ्याकडे बघितलंस, बराच वेळ, काही मागितल्यासारखं. मी तुला आमटी वाढली. तू घास खाल्लास आणि म्हणालास, "लई गुणाची पोरगी हाय. तिला संभाळ."

"हो," मी म्हटलं.

मग तू गेलास. आधी शहरातून आणि पावसाळा संपताना कायमचा.

परवा शोकसभेनंतर मी तुझ्याच घरी मुक्कामाला राहिलो; दुसऱ्या दिवशी तुझं तेरावं होतं. सकाळी वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, एक इचारू का? लई वर्सं झाली, तुमचं एक पत्र आल्तं. ते वाचून हे दोन दिस जेवले न्हाईत. काय लिवलं म्हून इचारलं तर म्हणले, दिनकर अडचणीत हाय. तवा काय अडचण होती तुम्हाला?"

मी वहिनींच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. मी तुझ्या घराचा अपमान करणारं पत्र लिहिलं आणि तू त्यात माझी अडचण वाचलीस. मी त्यांना सगळं सांगितलं, पायरी या शब्दासकट. त्यांना गणित कळलं नाही, पायरी कळली. त्या उठून आत गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. म्हणाल्या, "त्या पोरीला सांगितलं का?"

तिथून मी सरळ अर्चनाच्या घरी गेलो. तिच्या वडिलांनी खुर्ची दिली. मी कागद मागितला. त्यावर तुझे दोन चौकोन काढले, वर्गाच्या दुपटी लिहिल्या, माझी भागाकाराची ओळ लिहिली आणि म्हणालो, "हे प्रमेय चूक आहे. मला ते माझ्या तोंडी परीक्षेच्या आधीपासून माहीत आहे. तुझं तिसरं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. विद्यापीठाला आणि जिथं ते छापलं त्या नियतकालिकाला मी पत्र पाठवतो आहे. तुझी चार वर्षं मी वाया घालवली." एवढं बोलायला मला फार वेळ लागला. मध्ये दोनदा पाणी प्यालो.

ती म्हणाली, "सर, मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. खंडेराव सरांनी शाळेच्या व्हरांड्यात खडूनं काढून दाखवलं. तिसरं प्रकरण मी तेव्हाच दुसऱ्या वाटेनं करून ठेवलंय, तुमच्या प्रमेयाशिवाय. तुम्हाला दाखवत होते ते जुनं."

म्हणजे माझ्या घरी ताटावर बसून तू विचारलंस तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. तिचं काम सुखरूप आहे हेही ठाऊक होतं. तू तिच्यासाठी विचारतच नव्हतास. आणि मी तुला आमटी वाढली.

मी अर्चनाला विचारलं, "मग मला का नाही बोललीस?"

"सरांनी शपथ घातली होती. म्हणाले, दिनकर सोताहून सांगंल. त्याला उशीर लागतो, पण सांगंल. त्याचं त्याला सांगू दे."

"आणि मी सांगितलंच नसतं तर?"

"मी पण हेच विचारलं होतं त्यांना. म्हणाले, असं व्हायचं न्हाई."

खंडू, आयुष्यभर तू पुराव्याशिवाय कुणाची एक ओळ मान्य केली नाहीस, माझीसुद्धा नाही. एवढी एकच गोष्ट तू पुरावा न मागता धरून बसलास. आणि तो पुरावा घेऊन मी तुझ्या दारात आलो, तो तुझ्या तेराव्याला.